दूरचित्रवाणी संचाचे आच्छादन

दूरचित्रवाणी संचाचे आच्छादन म्हणजे घरातील दूरचित्रवाणी संच वापरात नसताना तो झाकण्यासाठी शिवलेले शोभिवंत कापडी आवरण होय. बोलीभाषेत यास 'टीव्हीचे कव्हर', 'टीव्हीची खोळ' किंवा 'टीव्हीचा पडदा' असे म्हणतात. धुळीपासून संरक्षण, खोलीची शोभा आणि बंद असलेला संच दृष्टीआड ठेवणे असे त्याचे तीन प्रमुख हेतू आहेत. इ.स. १९८० व १९९० च्या दशकांत महाराष्ट्रातील घरांमध्ये अशी आच्छादने सर्रास आढळत. ती बहुधा घरातील स्त्रियाच शिवत. सपाट पडद्याचे संच आल्यानंतर हा प्रघात कमी झाला. तथापि भिंतीवरील काळा आयत झाकण्याच्या गरजेतून त्यास नवे रूप मिळाले आहे.

पूर्वपरंपरा व प्रकार

मौल्यवान वस्तू उघडी न ठेवण्याची रीत मराठी घरांत यंत्रयुगाच्या आधीपासून आहे. तंबोरा व वीणा यांना गवसणी घालतात, पोथी बासनात बांधून ठेवतात, उशीला अभ्रा व गादीला खोळ चढवतात. विदर्भात मोठ्या उत्साहाने साजऱ्या होणाऱ्या पोळ्याच्या सणाला बैलाच्या पाठीवर झूल घालतात. यातील प्रत्येक शब्दामागे झाकण्याची वेगळी रीत आहे. गवसणी वस्तूच्या आकाराबरहुकूम शिवलेली असते; झूल पाठीवर पसरून दोन्ही बाजूंना लोंबते. दूरचित्रवाणी संचाच्या आच्छादनांचेही याच धर्तीवर तीन प्रकार करता येतात.

१. गवसणीवजा आच्छादन : संचाच्या मापाने पेटीसारखे शिवलेले व वरून चढवायचे.

२. झुलीसारखे आच्छादन : संचाच्या माथ्यावर पसरलेला भरतकामाचा किंवा क्रोशाचा रुमाल. त्याची झालर पडद्याच्या वरच्या कडेवर थोडी लोंबते. यात पडदा पूर्ण झाकला जात नाही.

३. पडदावजा आच्छादन : दांडीत ओवलेले, बाजूला सरकवता येणारे कापड. भिंतीवर बसवलेल्या सपाट संचासाठी हाच प्रकार सोयीचा ठरतो.

इतिहास

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्राचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले. त्या काळातील अनेक संच लाकडी पेटीत बसवलेले असत. काहींना चार पाय आणि पडद्यासमोर सरकणारे पट्ट्यांचे लाकडी दार असे. म्हणजेच संच झाकण्याची सोय आरंभी कारखान्यातूनच मिळत असे. पुढे दार नसलेल्या, प्लास्टिकच्या पेटीतील संचांचे प्रमाण वाढले आणि त्या दाराचे काम कापडाकडे आले.

इ.स. १९८२ मध्ये दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी देशात रंगीत प्रसारण सुरू झाले. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला. त्यानंतर कमी शक्तीच्या प्रक्षेपकांचे जाळे उभारल्याने लहान शहरांतही दूरचित्रवाणी पोहोचली. २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' ही मालिका रविवारी सकाळी प्रसारित होऊ लागली. या वेळी संच नसलेले शेजारी ज्याच्याकडे संच आहे त्याच्या घरी जमत. काही ठिकाणी संचाला हार घालून उदबत्तीही ओवाळली जात असे. अशा घरांत आच्छादन काढणे हा कार्यक्रमाच्या प्रारंभाचाच भाग ठरे. परीक्षेच्या दिवसांत मात्र तेच आच्छादन मनाईची खूण म्हणून संचावर कायम राही.

विवाहातील रुखवतात वधूच्या हस्तकौशल्याच्या वस्तू मांडण्याची पद्धत आहे. त्यांत क्रोशाचे रुमाल व भरतकाम केलेले अभ्रे यांच्या जोडीने कधी कधी टीव्हीचे कव्हरही मांडले जात असे. शालेय कार्यानुभव विषयात शिकवले जाणारे टाके, उदा. साखळी टाका, गहू टाका, उलटी टीप, अशा वस्तूंवर प्रत्यक्षात उतरत.

हा प्रघात केवळ भारतीय नाही. जपानमध्ये इ.स. १९५० व १९६० च्या दशकांत संचापुढे झालर लावलेले शोभिवंत कापड सोडण्याची पद्धत होती. अमेरिकेत त्याच सुमारास संच दिवाणखान्यात कसा लपवावा याविषयी गृहविषयक नियतकालिके सल्ले देत असत. लिन स्पिगेल यांनी इ.स. १९९२ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. तेथे यंत्र घराच्या सजावटीस विशोभित ठरते, ही अडचण मुख्य होती. महाराष्ट्रात मात्र संच ही मिरवण्याची वस्तू होती. येथील आच्छादन संच लपवते आणि त्याच वेळी त्याचे मोलही जाहीर करते.

भंडारा जिल्ह्यातील वस्त्रसाहित्य

भंडारा जिल्हा विदर्भाच्या पूर्व भागात, वैनगंगा नदीच्या खोऱ्यात वसला आहे. मे महिन्यात येथील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, तर पावसाळ्यात हवा दमट असते. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात ओल अशा दोन्ही गोष्टींचा विचार करूनच आच्छादनाचे कापड निवडावे लागते. प्लास्टिकचे आवरण धूळ अडवते, परंतु आतील ओल बाहेर पडू देत नाही. त्यामुळे हवा खेळती ठेवणारे सुती किंवा रेशमी कापड अधिक योग्य ठरते.

असे कापड जिल्ह्यातच विणले जाते. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे टसर रेशमाच्या हातमाग विणकामासाठी प्रसिद्ध असून हा व्यवसाय परंपरेने कोष्टी समाजाकडे आहे. टसर रेशमाचे किडे ऐन व अर्जुन या वृक्षांच्या पानांवर वाढतात. पूर्व विदर्भातील वनक्षेत्रात कोष उत्पादनाचे काम प्रामुख्याने ढिवर समाजातील कुटुंबे करतात. टसरचा नैसर्गिक रंग मधासारखा सोनेरी-तपकिरी असतो आणि त्याचे कापड किंचित ताठ असल्याने चांगले उभे राहते. रेशीम सुती कापडाच्या तुलनेत सावकाश पेट घेते. पॉलिस्टरसारखे कृत्रिम कापड मात्र उष्णतेने वितळते.

येथील करवती काठाच्या साड्यांना भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. काठ आणि अंग यांच्या सीमेवर करवतीच्या दातांसारखी नक्षी असल्याने हे नाव पडले. काठ व अंग यांचे रंग वेगळे राखण्यासाठी तीन धोटे वापरून विणकाम केले जाते. नवे टसर महाग असते. मात्र घड्यांवर विरलेली जुनी साडी नेसण्याजोगी राहिली नाही, तरी तिचे काठ बहुधा शाबूत असतात. असे काठ आच्छादनासाठी विशेष उपयोगी पडतात.

शिवण्याची पद्धत

पूर्वतयारी : सुती कापड व अस्तर शिवण्यापूर्वी पाण्यात भिजवून वाळवावे, अन्यथा पहिल्या धुण्यात ते आटून आच्छादन तोकडे होते. जुन्या साडीचे कापड उजेडासमोर धरून विरलेला भाग वगळावा. रेशमी कापडाला पातळ सुती अस्तर लावल्यास शिवणीवर ताण येत नाही. माप घेताना संच बंद करून त्याची तार प्लगमधून काढावी.

गवसणीवजा आच्छादन : समजा, जुन्या पद्धतीच्या नळीच्या संचाची रुंदी ५० सेंटीमीटर, उंची ४५ सेंटीमीटर आणि खोली ४५ सेंटीमीटर आहे. कापड सहज चढावे म्हणून रुंदी व खोली यांत प्रत्येकी २ सेंटीमीटर सैलपणा धरावा. प्रत्येक शिवणीसाठी १.५ सेंटीमीटर माया सोडावी. त्यानुसार माथ्याचा तुकडा ५५ × ५० सेंटीमीटर होतो. तयार उंची ४४ सेंटीमीटर ठेवून खालच्या दुमडीसाठी ३ सेंटीमीटर व वरच्या शिवणीसाठी १.५ सेंटीमीटर धरल्यास समोरचा तुकडा ५५ × ४८.५ सेंटीमीटर आणि बाजूचे दोन तुकडे प्रत्येकी ५० × ४८.५ सेंटीमीटर होतात. मागील बाजू उघडी ठेवावी. संचाचा मागील भाग निमुळता असल्यास प्रथम वर्तमानपत्राच्या कागदाचा नमुना कापून पाहावा.

भरतकाम तुकडे जोडण्यापूर्वीच पूर्ण करावे. त्यानंतर समोरचा तुकडा माथ्याला जोडावा, मग बाजूचे तुकडे जोडावेत. धावदोऱ्याने कच्ची शिवण घालून आच्छादन संचावर चढवून पाहावे आणि मगच यंत्रावर पक्की टीप मारावी. माथ्याच्या मध्यभागी कापडी पट्टीची मूठ शिवल्यास आच्छादन एका हाताने उचलता येते.

पडदावजा आच्छादन : समजा, भिंतीवरील सपाट संच ९७ सेंटीमीटर रुंद व ५६ सेंटीमीटर उंच आहे. पडदा दोन्ही बाजूंना ५ सेंटीमीटर आणि वर-खाली ३ सेंटीमीटर अधिक ठेवल्यास झाकायचे क्षेत्र १०७ × ६२ सेंटीमीटर होते. दोन पाखांचा पडदा करून मध्ये ५ सेंटीमीटर एकावर एक येऊ द्यावेत. म्हणजे प्रत्येक पाख तयार स्थितीत ५६ सेंटीमीटर रुंद होते. दोन्ही कडांच्या दुमडीसाठी प्रत्येकी २ सेंटीमीटर धरून ते ६० सेंटीमीटर रुंद कापावे.

करवती काठाची साडी वापरायची असल्यास पाखाची रुंदी साडीच्या लांबीच्या दिशेने घ्यावी. असे केल्याने काठ आडवा येऊन पडद्याची खालची कड बनतो आणि तेथे दुमड घालावी लागत नाही. दांडी ओवण्याच्या नेफ्यासाठी वर ६ सेंटीमीटर धरले की पाखाची उंची ६८ सेंटीमीटर होते. दोन्ही पाखांना मिळून साडीची केवळ १२० सेंटीमीटर लांबी लागते. साडीचा पन्हा साधारणतः ११० ते ११५ सेंटीमीटर असल्याने दुसऱ्या काठासह उरलेला भाग उशीच्या अभ्र्यासाठी वापरता येतो. दांडी संचाच्या चौकटीला न लावता भिंतीला लावावी आणि कापड संचापासून काही सेंटीमीटर दूर राहील असे पाहावे.

सुरक्षितता

आच्छादनासंबंधीचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, संच सुरू करण्यापूर्वी ते पूर्णपणे काढावे आणि संच बंद करून थंड झाल्यावरच पुन्हा घालावे. नळीच्या रंगीत संचात चित्रनळीला सुमारे २० ते २५ हजार व्होल्टचा दाब द्यावा लागतो. चालू संचातील उष्णता पेटीच्या मागील व वरील छिद्रांतून बाहेर पडते. केवळ समोरचा पदर वर टाकून संच पाहण्याची सवय अनेक घरांत होती. परंतु त्यामुळे ही छिद्रे झाकलेलीच राहत. उष्णता आत कोंडल्यास भाग निकामी होतात आणि आगीचा धोका संभवतो. माथ्यावरील रुमालालाही हाच नियम लागू आहे. सपाट संच तुलनेने कमी तापत असले, तरी त्यांच्याही मागे हवेसाठी फटी असतात.

रंगीत चित्रनळीच्या संचासाठी आच्छादनाला चुंबकाची बटणे लावू नयेत. पडद्याजवळील चुंबकामुळे नळीतील धातूची जाळी चुंबकित होऊन चित्रावर रंगांचे डाग उमटतात. त्याऐवजी नाड्या किंवा साधी बटणे वापरावीत. संचाजवळ समई, निरांजन किंवा उदबत्ती ठेवण्याची सवय असल्यास पडदावजा आच्छादन टाळणे इष्ट ठरते.

नळीच्या पडद्यावर स्थिर विद्युतभार निर्माण होत असल्याने त्याकडे धूळ ओढली जाते. म्हणून आच्छादनाची आतील बाजूही वेळोवेळी झटकावी. सुती आच्छादन नेहमीप्रमाणे धुता येते. टसर मात्र सौम्य साबणाच्या थंड पाण्यात, न पिळता धुऊन सावलीत वाळवावे.

सद्यःस्थिती

इ.स. २००० नंतर सपाट पडद्याचे संच स्वस्त होत गेले. माथा उरला नाही, त्यामुळे रुमालही उरला नाही. बाजारात तयार मिळणारी पारदर्शक किंवा साखळीची आवरणे धूळ अडवतात, पण संच लपवत नाहीत. दुसरीकडे संचांचा आकार वाढत गेल्याने बंद पडदा खोलीत अधिक ठळक दिसू लागला. हीच अडचण ओळखून सॅमसंग या कंपनीने इ.स. २०१७ मध्ये 'द फ्रेम' हा संच बाजारात आणला. वापरात नसताना त्याच्या पडद्यावर चित्राकृती दिसते. कापडी पडदा तेच काम विजेशिवाय करतो.

जुनी आच्छादने मात्र फारशी शिल्लक नाहीत. संच विकला वा मोडीत काढला की त्याच्या मापाची खोळ निरुपयोगी होते; ती पुसणे म्हणून वापरली जाते किंवा गोधडीच्या थरात जाते. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाने अडकित्ते, दिवे यांसारख्या नित्योपयोगी वस्तू जपल्यामुळे त्यांचा अभ्यास शक्य झाला. घरगुती शिवणकामातील या वस्तूंवर करणारीचे नाव किंवा साल क्वचितच असते. ज्या घरात असे आच्छादन आजही आहे, तेथे ते कोणी, कधी व कोणत्या साडीतून शिवले याची चिठ्ठी त्यासोबत ठेवल्यास स्थानिक वस्त्रकलेच्या अभ्यासास उपयुक्त साधन उपलब्ध होऊ शकते.