अक्षरमालांची जोडणी आणि यंत्राचे श्रम

म्हैसूर येथे 1969 साली स्थापन झालेल्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थेने संगणकाच्या साहाय्याने भारतीय भाषांतील मजकुराचे मोठे संग्रह सिद्ध केले आहेत. असे संग्रह हाताळताना शब्दाला शब्द जोडण्याचे काम यंत्राला अगणित वेळा करावे लागते. काम वरकरणी क्षुल्लक. परंतु ते कोणत्या रीतीने करावे, यावर यंत्राचे पुष्कळ श्रम अवलंबून असतात.

‘म्हैसूर’ हाच शब्द घेऊ. डोळ्यांना त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोड पद्धतीत मात्र त्याची सात चिन्हे होतात: म, हलन्तचिन्ह, ह, ऐकाराची मात्रा, स, दीर्घ उकार आणि र. यूटीएफ-8 या प्रचलित पद्धतीत दर चिन्हास तीन, म्हणजे एकूण 21 बाइट लागतात. बाइटांच्या अशा रांगेस अक्षरमाला म्हणू. तिचा शेवट पुष्कळदा शून्य मूल्याच्या बाइटाने दाखवितात.

आता इंटेलचा 1978 सालचा 8086 प्रोसेसर पाहू. त्याच्या घड्याळाचे सेकंदाला 50 लक्ष ठोके पडत. असेम्ब्ली भाषेत प्रोसेसरला एकेक आज्ञा देता येते. बाइट उचलणे, ठेवणे आणि पुन्हा मागे वळणे, अशा तीन आज्ञांनी नक्कल केल्यास दर बाइटास 12, 11 व 17 मिळून 40 ठोके लागतात. हेच काम आपोआप पुन:पुन्हा करणारी खास आज्ञाही या प्रोसेसरात आहे. ती आरंभी 9 व पुढे दर बाइटास 17 ठोके घेते.

समजा, 21 बाइटांचे 100 शब्द एकापुढे एक जोडावयाचे आहेत. खास आज्ञेमुळे सुमारे 47 हजार ठोके वाचतात. परंतु प्रत्येक शब्द जोडण्यापूर्वी मालेचा शेवट आरंभापासून शोधल्यास एकूण सुमारे 1 लक्ष 4 हजार बाइट तपासावे लागतात. दर बाइटास 15, म्हणजे 15 लक्षांहून अधिक ठोके केवळ या शोधात जातात! मल्लिगेचा गजरा ओवणारी माळीण दर फुलागणिक दोऱ्याच्या आरंभापासून टोक शोधीत नाही. ते तिच्या बोटांतच असते. तद्वत शेवटचा पत्ता प्रोसेसरच्या एका रजिस्टरात जपून ठेवला, की हे सारे श्रम टळतात. पुढील प्रोसेसरांत ठोक्यांचे आकडे बदलले. हे तत्त्व बदललेले नाही.

वेगाइतकीच सावधगिरीही हवी. जागा किती उरली हे न पाहता लिहीत गेल्यास शेजारची माहिती पुसली जाते. नोव्हेंबर 1988 मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस ‘वर्म’ने मापाविना लिहिण्याच्या अशाच एका दोषाचा लाभ उठविला होता. शिवाय जागा अपुरी पडून माला तोडावी लागली, तर ती तीन बाइटांच्या चिन्हाच्या मध्येच तोडता कामा नये; अन्यथा त्या चिन्हाचा अर्थच नाहीसा होतो. म्हणून आधी माप घ्यावे, शेवट ध्यानी ठेवावा आणि मगच वेगवान आज्ञेचा विचार करावा.