घरातलं नाताळचं झाड : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

नाताळ जवळ आला की बारामती-इंदापूर भागातल्या ख्रिस्ती घरांत करंज्या-चकल्यांचा फराळ आणि दारावरची चांदणी यांच्या जोडीला आता झाडाच्या खरेदीचाही विषय निघतो. पुण्याचा कॅम्प किंवा बोहरी आळी बारामतीहून शंभरेक किलोमीटर, इंदापूरहून त्याहूनही लांब. त्यामुळे बहुतेक जण मोबाइलवर फोटो बघून झाड मागवतात. हात लावून पाहता येत नाही, म्हणून निर्णय ऐकीव माहितीवर होतो, आणि तिच्यात बरीच चुकीची आहे.

‘नर्सरीतलं ख्रिसमस ट्री खरं, दुकानातलं त्याची नक्कल’ ही समजूत सर्वांत पक्की. आपल्याकडे नर्सरीत या नावानं मिळतं ते बहुतेक वेळा अरौकॅरिया असतं. त्याचं मूळ पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक आणि न्यू कॅलेडोनिया बेटांवर. युरोपात नाताळला घरात आणतात ती फर किंवा स्प्रूस ही थंड हवेतली झाडं. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या हवेत ती तगणार नाहीत. अरौकॅरियाच्या फांद्या मजल्यामजल्यांनी येतात आणि मधे मोकळी जागा राहते, तर फर भरगच्च दिसतं. दुकानातलं कृत्रिम झाड फर-स्प्रूसची नक्कल करतं. ते नर्सरीतल्या रोपासारखं दिसत नाही म्हणून नाकारणं चूक, आणि विरळ आहे म्हणून अरौकॅरियाला नावं ठेवणंही चूक. कोकण-गोव्यात तर अनेक घरांत सुरूची फांदीच झाड म्हणून उभी राहते.

अंगण असेल तर कुंडीतलं अरौकॅरिया मला कृत्रिम झाडापेक्षा जास्त आवडतं. फक्त त्याचा शेंडा छाटू नये, कारण बाजूची फांदी शेंड्याची जागा घेत नाही आणि आकार कायमचा बिघडतो. १८८५ पासून नीरा डाव्या कालव्याचं पाणी पिणाऱ्या पट्ट्यात जिथं जमीन चोपण झाली आहे, तिथं ते जमिनीत लावू नये. पाणी धरून ठेवणारी माती त्याला मानवत नाही.

आता कृत्रिम झाडाकडे. जाहिरातीत ‘८०० टिप्स’, ‘१२०० टिप्स’ असे आकडे असतात आणि जास्त टोकं म्हणजे जास्त खरं, असं आपण धरून चालतो. पण या मोजणीत खोडालगतची, कधीच न दिसणारी टोकंही येतात आणि बोटभर लांबीची बारकी टोकंही. झाड खरं वाटणं अवलंबून असतं ते बाहेरच्या फांद्या कशाच्या आहेत यावर. स्वस्त झाडाची पानं पीव्हीसीच्या पातळ पट्टीला कातरून, तारेत पिळून केलेली असतात. ती चपटी असतात आणि ट्यूबलाइटखाली चमकतात. पॉलिइथिलीनची, म्हणजे ‘पीई’ची पानं साच्यात ओतलेली असतात. तिथं पानाला जाडी असते, हिरव्याच्या दोन-तीन छटा असतात, मधली काडी तपकिरी असते. चांगल्या झाडात दिसणाऱ्या भागात पीई आणि आत भरावाला पीव्हीसी अशी सांगड असते, आणि ती पुरेशी आहे. सगळं झाड पीईचं घेण्याचा अट्टहास नको. विक्रेत्याला टोकांची संख्या विचारण्याऐवजी पीईचं प्रमाण आणि झाडाचं वजन विचारा. एकाच उंचीच्या दोन झाडांत वजनदार झाड सहसा जास्त भरीव निघतं. पायाचा स्टँड लोखंडी आहे ना, तेही बघा.

बर्फ पडल्यासारखं पांढरं झाड फोटोत मोहक दिसतं. मी ते घेऊ नका म्हणेन. नाताळ म्हणजे आपल्याकडे ऐन गाळपाचा हंगाम. रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची धूळ, कारखान्याजवळच्या घरांत काजळी. तो पांढरा थर दोन वर्षांत करडा पडतो, आणि धुवायला जावं तर निघून येतो.

शिवाय महागातलं झाडही खोक्यातून काढून तसंच उभं केलं तर केविलवाणं दिसतं. प्रवासात दबलेली प्रत्येक फांदी खोडापासून टोकापर्यंत उकलावी लागते, एक वर, एक डावीकडे, एक उजवीकडे अशी. सहा फुटी झाडाला तासभर सहज जातो. मुलांना सोबत घ्या, पण नंतर सगळ्यांनी हात धुवा. जुन्या पीव्हीसीत शिशाची संयुगं वापरली जात, आणि झाड जुनं होऊन भुगा पडू लागलं की ती धुळीत उतरू शकतात.

उंचीचा हिशेब सगळे करतात, घेराचा कुणी करत नाही. सहा फुटी झाडाचा खालचा घेर तीन-चार फूट जागा अडवतो. लहान खोलीत सडपातळ झाडच घ्यावं, आणि वर चांदणीसाठी अर्धा-पाऊण फूट सोडावा.

सर्वांत धोक्याची समजूत म्हणजे ‘फायर रिटार्डंट लिहिलंय, म्हणजे पेटत नाही’. त्याचा अर्थ एवढाच, की ते लवकर पेट घेत नाही. पीव्हीसी जळू लागलं तर धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, आणि तो घसा-फुफ्फुसं भाजून काढतो. झाडाजवळ मेणबत्ती नको म्हणजे नकोच. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या घरी झाडावर विजेचे दिवे लावले, तेव्हापासून मेणबत्तीला पर्याय आहे. मात्र चंदेरी पत्र्याच्या झाडावर विजेची माळ घालू नये, कारण वायर सोलली गेली तर अख्ख्या झाडात वीज उतरते. अमेरिकेत १९५९ नंतर ॲल्युमिनियमची झाडं गाजली, त्यांच्यावर दिवे न लावता जमिनीवरून रंगीत झोत टाकत, तो याच कारणानं. एलईडी माळा घ्या, वायर उंदरांनी कुरतडली नाही ना ते दरवर्षी तपासा आणि झोपताना बंद करा.

‘झाड तोडलं नाही म्हणजे निसर्ग वाचला’ हेही अर्धसत्य आहे. माँट्रियलच्या एका सल्लागार संस्थेनं २००९ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार कृत्रिम झाड साधारण वीस वर्षं वापरलं तरच ते शेतात वाढवून तोडलेल्या झाडाच्या तोडीस येतं. कृत्रिम झाडांच्या व्यापाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेनं २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा आकडा पाच वर्षांचा आहे. पैसा कुणाचा होता हे लक्षात घेऊन मी वीसकडे झुकतो. आपल्याकडे तर तोडलेलं फर मुळातच येत नाही, त्यामुळे आपली तुलना कुंडीतल्या रोपाशी किंवा झाडच न घेण्याशी. आणि झाड न घेण्यात काहीही कमी नाही. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यातल्या लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, मत्तयात तारा आहे, झाड कुठंच नाही. शेजाऱ्याकडे आहे म्हणून कुणी कर्ज काढून झाड आणू नये.

घेतलंच तर टिकवायला हवं. पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवलेलं झाड उन्हाळ्याच्या तापानं कडक होतं आणि पानं गाळू लागतं. ते खालच्या, घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवा. आवरताना अंगणात झटकून, ओल्या फडक्यानं पुसून, पूर्ण वाळवून सुती पिशवीत बांधा. आणि शेवटी टाकायची वेळ आलीच, तर भंगारवाल्याला देण्याआधी तारेसाठी ते जाळू नका आणि त्यालाही जाळू देऊ नका. पीव्हीसी जाळल्यावर निघणाऱ्या धुरात डायॉक्सिनसारखी विषं असतात. पक्कड घेऊन फांद्या सोडवा, लोखंड वेगळं द्या, प्लास्टिक सुक्या कचऱ्यात टाका.