दीड तास यंत्राला कळेना

फोनच्या पडद्यावर मराठीत निरोप झळकतो : ‘2 मिनिटे पूर्वी’. चौथीतल्या पोराने असे लिहिले असते तर बाईंनी लाल शाई चालवली असती. ‘मिनिटांपूर्वी’ म्हणावे हे आपल्याला कुणी शिकवल्याचे आठवतही नाही. ‘तास’चे तर अनेकवचनही तासच, पण ‘पूर्वी’ लागले की ‘तासांपूर्वी’! यंत्र मात्र आकडा एका कप्प्यातून काढते, शब्द दुसऱ्यातून, ‘पूर्वी’ तिसऱ्यातून, आणि चिकटवून मोकळे होते. इंग्रजीत ते खपते. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटते, सगळीकडे खपेल.

वास्तविक याची सोय झालेली आहे. कोणत्या भाषेत आकड्यामागे शब्दाचे कोणते रूप यावे, याची जगभराची नोंदवही युनिकोड ही संस्था राखते. ‘सीएलडीआर’ तिचे नाव. जपानीचे एकाच रूपावर भागते. रशियनमध्ये एक ‘चास’, दोन ‘चासा’, पाच ‘चासोव’, आणि एकविसाला पुन्हा ‘चास’! अरबीला सहा प्रकार लागतात; त्यात आपल्या संस्कृतसारखे द्विवचनही आहे. मराठीचे ‘तासांपूर्वी’ही त्या वहीत आहे. वही उघडण्याचा कंटाळा, दुसरे काय!

दीड आणि अडीच मात्र यंत्राच्या गावीच नसतात. ‘1 तास 30 मिनिटे’ रेल्वेच्या वेळापत्रकात शोभते; घरी कुणी म्हणते का, की भात 1 तास 30 मिनिटांपूर्वी लावला?

इथवर ठीक. भाषा बिघडली तरी अर्थ पोचतो. खरी पंचाईत महिन्याची. 90 दिवसांचे ‘3 महिने’ करून दाखवणारी यंत्रे मी पाहिली आहेत. 1 जुलैपासून तीन महिने 1 ऑक्टोबरला भरतात, 90 दिवस 29 सप्टेंबरला. बँकेत जन्म काढलेल्या माणसाच्या अंगावर अशाने काटा येतो. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातच उदाहरण आहे : 29 जानेवारी 1878 ची हुंडी, मुदत एक महिना. फेब्रुवारीला 29 तारीखच नाही, तेव्हा महिना 28 ला संपला. वर सवलतीचे तीन दिवस. त्या काळच्या कारकुनाला जे कळत होते, ते आज फोनला का कळू नये?

आणि आपले ‘आठ दिवस’? ते असतात सातच. सोमवार ते सोमवार मोजताना दोन्ही सोमवार आपण धरतो. ‘पंधरा दिवसां’चेही तेच, म्हणजे चौदा. फ्रेंच लोकही असेच बोलतात. तालुक्याच्या दवाखान्यात दर सोमवारी येणारे हृदयरोगाचे डॉक्टर आजीला सांगतात, “पंधरा दिवसांनी या.” आजी बरोबर सोमवारी जाईल. नातवाने तेच वाक्य फोनला ऐकवले, आणि फोनने इमानेइतबारे पंधरा मोजले, तर आठवण वाजेल मंगळवारी. त्या दिवशी डॉक्टर शहरात, आणि आजीच्या गोळ्या आदल्या दिवशीच संपलेल्या.