चाकांवरचं बिऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाणं-बजावणं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लागतात. एक वाद्य आणि दुसरी गाडी. वाद्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. ढोलकी कोणत्या लाकडाची, तुणतुण्याची तार कशी लावायची, यावर जाणकार तासन् तास बोलतील. गाडीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. खरं तर कलावंताची निम्मी जिंदगी गाडीतच जाते. तो तिथे झोपतो, जेवतो, रंग पुसतो आणि आजारही तिथेच काढतो. म्हणून आज मला गाडीबद्दल बोलायचं आहे.

मी तिरोडा तालुक्यातला, बोदलकसाच्या बाजूचा माणूस. आमच्या तलावाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. तिन्ही बाजूंना झाडीनं झाकलेल्या टेकड्या, मध्ये पाणी, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी आणि पलीकडे नागझिऱ्याचं जंगल. पर्यटक येतात, पाण्याकाठी बसतात. कुणाच्या हातात गिटारही असते. हे पाहिलं की मला अमेरिकेतला एक रिवाज आठवतो.

तिकडे ‘ब्लूग्रास’ नावाचं संगीत आहे. नावाचा अर्थ निळं गवत. गवत हिरवंच असतं. पण केंटकी प्रांतातल्या त्या गवताला तुरे आले की त्यावर निळसर झाक दिसते म्हणतात. त्या प्रांतात १९११ साली बिल मन्रो नावाचा माणूस जन्मला. मँडोलिन वाजवायचा. आपल्या प्रांताच्या नावावरून त्यानं आपल्या ताफ्याचं नाव ‘ब्लू ग्रास बॉईज’ ठेवलं आणि पुढे त्या संगीतालाच ते नाव पडलं. १९३९ साली तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला आणि घराघरात पोचला. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा तरुण बँजोवाला त्याच्या ताफ्यात आला. अंगठा आणि दोन बोटं अशी तीन बोटांनी तो इतकं चपळ वाजवी की लोक खुर्च्यांवरून उठून पाहत.

इथे एक खुलासा करतो. आपल्याकडे वरातीत ‘बँजो पार्टी’ असते. त्या बँजोला टाईपरायटरसारखी बटणं असतात. तो बुलबुलतरंगाचा भाऊ. अमेरिकेतला बँजो वेगळा. त्याला लांब दांडी आणि खाली मढवलेलं गोल कडं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून नेलेल्या माणसांनी तिकडे भोपळ्यावर कातडं चढवून हे वाद्य केलं. त्याला आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या गरिबांचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, येऊन मिळालं. काळ्यांचे ब्लूज आले, चर्चमधली सामुदायिक गाणी आली. खुद्द मन्रोला लहानपणी ज्यांच्या वादनानं वेड लावलं, त्यांत अर्नोल्ड शुल्ट्झ नावाचा एक कृष्णवर्णीय खाणकामगार होता. असं हे पाच गावच्या पाण्याचं संगीत. मँडोलिन, फिडल, बँजो, गिटार आणि उभा मोठा बास. मूळ पद्धतीत वीज लागत नाही. वीज लागत नाही म्हणूनच ते कुठेही, झाडाखालीसुद्धा वाजतं.

मन्रो १९४० च्या दशकात स्वतःचा तंबू घेऊन फिरत असे. दुपारी गावात पोचायचं, तंबू ठोकायचा. ताफ्यातली माणसं गावच्या पोरांशी बेसबॉलचा सामना खेळायची, म्हणजे गर्दी आपोआप जमायची. आणि रात्री गाणं. आमच्याकडचा शंकरपट आणि रात्रीचं नाटक आठवलं ना? मला तर लगेच आठवलं.

पुढे १९६५ साली व्हर्जिनिया प्रांतातल्या फिनकॅसल या ठिकाणी या संगीताचा अनेक दिवसांचा पहिला मोठा मेळा भरला. १९६७ साली मन्रोनं इंडियाना प्रांतात बीन ब्लॉसम इथे आपल्या जागेवर मेळा सुरू केला. या मेळ्यांतून एक वेगळीच गंमत निघाली. ऐकणारेच मुक्कामाला येऊ लागले. शाळेच्या जुन्या, मोडीत निघालेल्या पिवळ्या बसगाड्या लोक विकत घेतात. बाकडी काढून टाकतात. त्या जागी फळ्यांचे पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी, वाद्यं टांगायला खुंट्या. झालं घर तयार. मेळ्याच्या मैदानात अशा गाड्या ओळीनं उभ्या राहतात आणि संध्याकाळ झाली की गाड्यांच्या मधल्या जागेत खुर्च्यांचे गोल होतात. कंपाउंडर, शिक्षक, सुतार, कोणीही यावं आणि गोलात बसावं. एकानं गाणं धरायचं, बाकीच्यांनी साथ करायची. मग मानेच्या इशाऱ्यानं पाळी फिरते. तुझी पाळी आली की तू वाजव, दुसऱ्याची आली की तू हळू हो. व्यासपीठावर नामांकित ताफा वाजवत असतो आणि तरी कित्येक जण गोल सोडून तिकडे जात नाहीत! इतकंच कशाला, पुष्कळ जण मेळ्याला जातात ते या गोलासाठीच.

आता आपल्या मुलखाकडे या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा भाग. दिवाळी झाली, धान घरात यायला लागलं, की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. मंडई म्हणजे जत्रा, लेकी-जावयांचं येणं, आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत. खडी गंमत हा आमच्याकडचा तमाशा. उभ्यानं गायचा, ढोलकी-डफाच्या तालावर, पुरुषानंच बाईचं सोंग घ्यायचं. शाहिरांचे सवाल-जवाब कलगी आणि तुरा या दोन पक्षांत चालतात. परंपरा असं सांगते की तुऱ्याचे मूळपुरुष तुकनगीर गोसावी आणि कलगीचे शाह अली फकीर. एक गोसावी, एक फकीर, दोघेही फिरस्ते. पुण्याकडच्या नामांकित शाहिरांतही सगनभाऊ हे मुसलमान शिकलगार होते. फिरणाऱ्याच्या गाण्याला जात चिकटवणं तसं अवघडच असतं.

माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, अब्बा गॅसबत्त्या भाड्यानं देत. मंडईच्या दिवसांत पार्ट्यांबरोबर बत्त्या जात आणि बत्तीला हवा मारायला मी जाई. त्यामुळे मला नाटकाची मागची बाजू आधी दिसली आणि पुढची नंतर. पार्टी बंडीतून येई. प्रेक्षकही बंड्या आणि रेंग्यांतूनच येत. बैल सोडले जात, बंडीखाली तणस पसरलं जाई, पोरं त्यावर झोपत, बाया तीन दगडांच्या चुलीवर भात टाकत. मैदानाभोवती बंड्यांचं एक गावच वसे. बंडीतल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे खंजिरी असे. मुख्य खेळ सुरू व्हायच्या आधी तोही दोन भजनं म्हणून घेई. अमेरिकेतल्या मैदानाचं वर्णन वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही ते यामुळेच.

पहाटे खेळ संपला की नाच्या कलावंत अब्बांना म्हणे, “चाचा, थोडं खोबरेल देता का? रंग निघत नाही.” अब्बा बाटली देत आणि मला सांगत, “यांना आधी कोमट पाणी आणून दे, बत्त्या नंतर बांधू.” रात्रभर ज्याच्यावर शिट्ट्या पडल्या, त्याला सकाळी तोंड धुवायला जागा नसे. हे मी पाहिलं आहे.

पुढे बंडीच्या जागी मोटार आली. आमच्या झाडीपट्टीत नाटकमंडळ्यांचं मुख्य ठाणं म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, सरकारी नाव देसाईगंज. तिथे कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. दिवाळीनंतर होळीच्या आगेमागेपर्यंत हंगाम चालतो. गावकरी येऊन नाटक ठरवतात. रंगमंचाचं सामान घेऊन एक गाडी पुढे जाते, नट-नट्या आणि ऑर्गन, तबला वाजवणारे दुसऱ्या गाडीतून मागाहून. रात्री दहानंतर पडदा उघडतो तो पहाटे पडतो, आणि गाडी पुन्हा वडशाकडे वळते. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. या रंगभूमीवर आयुष्य घालवणारे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला.

पश्चिम महाराष्ट्रातल्या ढोलकीफडाचा मामला याहून मोठा. वडशाची पार्टी पहाटे ठाण्यावर परतते. फडाला परतायचं ठाणंच नसतं. फड दसऱ्याला बाहेर पडतो तो उन्हाळ्यात यात्रा संपेपर्यंत फिरतच असतो. मोठ्या फडात शंभरावर माणसं आणि सात-आठ गाड्या. एकीत तंबू आणि कनाती, एकीत रंगमंचाच्या फळ्या, एकीत जनरेटर, एकीत भटारखाना, आणि बायकांसाठी निराळी बस. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमाराला फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन यात्रेची सुपारी देतात. मालकानं कलावंतांना आधीच उचल दिलेली असते, आणि उचलीसाठी स्वतः कर्ज काढलेलं असतं. म्हणजे गाडी चालली तरच कर्ज फिटणार. या सगळ्या डोलाऱ्याखाली चाकं आहेत ती अशी.

आता प्रश्न असा की गाडीतच का राहायचं? गावात खोली का नाही घ्यायची? पहिलं कारण हिशेबाचं. रोज शंभर माणसांच्या खोल्यांचं भाडं कोणत्या सुपारीत बसेल? आणि यात्रेच्या गावात लॉज असतं कुठे? दुसरं कारण जास्त खोल आहे. तमाशातल्या बाईला खोली मिळत नसे. तिची जात विचारली जाई, आणि नाही विचारली तरी धंदा ठाऊक असे. रात्री जिच्या लावणीवर पागोटी उडाली, तिला सकाळी कोणी ओसरीवर बसू देत नसे. तेव्हा स्वतःची गाडी हीच आब्रू. दार आतून लावता येतं, एवढं एक सुख.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. अमेरिकेत वर्णभेदाच्या काळात दक्षिणेकडच्या हॉटेलांत काळ्यांना जागा नसे. तेव्हा ड्यूक एलिंग्टन हा थोर संगीतकार दक्षिणेच्या दौऱ्यावर रेल्वेचे झोपण्याचे डबेच भाड्यानं घेई. ताफा डब्यात राही, डब्यात जेवी. हौसेनं बसमध्ये राहणं वेगळं आणि दार बंद झालं म्हणून बसमध्ये राहणं वेगळं. दोन्ही गाड्या लांबून सारख्याच दिसतात.

विठाबाई नारायणगावकरांची हकीकत तुम्हाला माहीत असेल. दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर उभ्या होत्या. कळा आल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा लोकांपुढे आल्या. ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. मला मात्र दर वेळी वाटतं, त्या मागच्या बाजूला काय होतं? पाणी होतं का, आडोसा होता का? १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २००२ साली त्या गेल्या, त्या हलाखीतच.

गाडी थांबली की काय होतं तेही आपण पाहिलं. २०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. नेमका सुपाऱ्यांचा दिवस! फडांच्या गाड्या उभ्या राहिल्या. त्यानंतरचा झाडीपट्टीचा हंगामही बहुतेक बुडाला. त्याआधी २०१४ साली बैलांच्या शर्यती बंद झाल्या तेव्हा शंकरपट थांबले होते, पण नाटकं चालू राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि पट परतले. साथीच्या काळात मात्र पटही नव्हता, नाटकही नव्हतं. या काळात हातातली कला सोडून मजुरीला गेलेली काही माणसं मी ओळखतो. त्यांतली सगळी परत आली नाहीत.

२०२१ साली राज्य सरकारनं कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी घेऊन फिरायचं आणि ठरावीक जागी मुक्काम करायचा. त्या मुक्कामाच्या जागेत पाणी, वीज, सांडपाण्याची सोय हवी, असं त्यात अपेक्षित आहे. चांगलीच गोष्ट आहे. मनात आलं म्हणून जुन्या बसची बाकडी काढून मात्र चालत नाही बरं का! मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीत असा बदल करायला परवानगी लागते, आणि वळणावर उलटू नये म्हणून ती लागायलाच हवी.

माझं मागणं एवढंच आहे की जी सोय हौशी पाहुण्याच्या गाडीला द्यायची, तीच कलावंताच्या गाडीला द्या. मंडईच्या गावानं नाटक ठरवताना मानधनाबरोबर चार गोष्टी कागदावर लिहाव्यात. गाडी उभी करायला सपाट जागा. एक नळ. बायकांसाठी आडोशाचं न्हाणीघर आणि संडास. आणि चालकाला रात्री झोपायला एक खोली, कारण पहाटे गाडीतल्या सगळ्यांचा जीव त्याच्या डोळ्यांवर असतो. शाळेच्या दोन खोल्या एका रात्रीपुरत्या उघडल्या तरी हे साधतं. आमच्या तालुक्यातल्या काही गावांत तरुण मंडळं हे करूही लागली आहेत.

आणि बोदलकसाला येणाऱ्या पाहुण्यांना एक सांगणं. मंडईच्या दिवसांत आलात तर गिटार आणाच, पण संध्याकाळी जवळच्या गावात चौकशी करा. कुठे ना कुठे दंडार असेल. शेवटपर्यंत बसा. पहाटे पार्टी चहा घेत बसलेली असते, तेव्हा जाऊन दोन शब्द बोला. ढोलकीवाल्याला वाजवायची विनंती केलीत तर तो सहसा नाही म्हणत नाही.