शिवारातला चेंडू आणि गावचे मैदान

(लेखक : एक सभासद, निवृत्त क्रीडाशिक्षक)



कारखान्याच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, गव्हाणीत मोळी पडली आणि गळीत हंगाम सुरू झाला, की आपल्या कार्यक्षेत्रात आणखी एक हंगाम सुरू होतो. त्याची नोंद शेतकी खात्याच्या वहीत होत नाही. ऊस तुटून रान मोकळे झाले आणि त्यात खोडवा राखायचा नसला, की गावची पोरे पाचट बाजूला सारतात, बावीस पावले मोजतात, उसाची तीन कांडकी रोवतात आणि खेळ सुरू. संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत “आऊट हाय का न्हाई” यावरून कालवा चाललेला असतो. आपण मोटर चालू करायला निघालेले असतो. जाता जाता म्हणतो, “काय रे, अभ्यास न्हाई का?” आणि पुढे जातो.

पुढे न जाता थोडे थांबावे, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

हा खेळ परका राहिलेला नाही

क्रिकेट म्हणजे शहरातल्या सुखवस्तू लोकांचा खेळ, असे आमच्या वडिलांच्या पिढीत म्हणत. त्यात तथ्य होते. पण पूर्ण तथ्य नव्हते. पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदान राखण्याच्या नोकरीवर होते. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते गोलंदाज झाले आणि १९११ साली हिंदी संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्यांनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. दलित समाजातल्या या माणसाला मैदानात चेंडू हाती देणारे लोक चहाच्या वेळी मात्र वेगळे बसवत. हाही इतिहासच आहे आणि तो विसरू नये.

विजय हजारे जन्मले सांगलीत, १९१५ साली. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. त्यांनी १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडायला दहा धावा उरल्या असताना समोरच्या संघाने सामना सोडून दिला. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला होता.

पुढे ट्रान्झिस्टर आला. बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन ऐकत ऐकत आम्ही दारे धरली. एका सऱ्यातून दुसऱ्या सऱ्यात पाणी फिरवताना आमचे निम्मे लक्ष रेडिओत असे आणि पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात जाई. १९८३ साली कपिल देवच्या संघाने विश्वचषक आणला, पाठोपाठ गावोगाव टीव्ही आले आणि विटी-दांडूच्या हातात बॅट आली. तेव्हापासून हा खेळ गावचाच झाला.

आपल्याच भागातली नावे

जहीर खान श्रीरामपूरचा, म्हणजे साखर पट्ट्यातलाच. सतराव्या वर्षी तो मुंबईला गेला. पुढे त्याने ९२ कसोटी सामन्यांत ३११ बळी घेतले आणि २०११ च्या विश्वचषकात २१. पण तो मुंबईला गेला, हे वाक्य इथे महत्त्वाचे आहे. त्या काळी चांगल्या मैदानासाठी आणि चांगल्या मार्गदर्शनासाठी घर सोडण्यावाचून उपाय नव्हता. ज्याच्या घरच्यांना ते झेपले, तोच पुढे गेला. ज्याच्या घरच्यांना झेपले नाही अशी किती पोरे मागे राहिली, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आज चित्र थोडे बदलले आहे. स्मृती मानधना सांगलीच्या माधवनगरात वाढली. थोरल्या भावाचा खेळ बघून तिने बॅट धरली, नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील मुलींच्या संघात आली आणि २०२५ च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची उपकर्णधार होती. राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा. २०२२ साली १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता.

आणि सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे. शेतकऱ्याची लेक. आधी भालाफेक, गोळाफेक करणारी. महाराष्ट्राच्या संघात जागा मिळेना, तेव्हा ती नागालँडकडून खेळायला गेली. २०२२ साली तिने अरुणाचल प्रदेशविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या आणि त्याच वर्षी भारताच्या संघात आली. पुढे ती महाराष्ट्राकडे परतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात नागपूरला पंजाबविरुद्ध तिने अवघ्या ३४ चेंडूंत शतक केले. मातीत भाला फेकून कमावलेला खांदा बॅटीला कामी आला, एवढाच त्याचा अर्थ.

टेनिसचा चेंडू आणि सीझनचा चेंडू

आपल्या गावांत खेळले जाते ते बहुतेक टेनिसच्या चेंडूने. त्यात कमीपणा काही नाही. खर्च थोडा, इजा कमी, आणि वीस पोरे एकाच वेळी खेळतात. जत्रेच्या, जयंतीच्या निमित्ताने सामने भरतात, माईकवर कॉमेंट्री चालते, हजारांची बक्षिसे लागतात.

पण पोराला पुढे जायचे असेल तर एक गोष्ट समजून घ्यावी. टेनिसचा चेंडू भरतो सुमारे ५८ ग्रॅम. सीझनचा, म्हणजे कातडी चेंडू, भरतो १५६ ते १६३ ग्रॅम. जवळजवळ तिप्पट. टेनिसचा चेंडू टप्पा पडून उंच उठतो आणि आडव्या बॅटीने उडवता येतो. कातडी चेंडूला शिवण असते. तो हवेत वळतो, टप्प्यावर वळतो आणि आडवी बॅट घातली तर यष्टी घेऊन जातो. गावच्या सामन्यात षटकार मारणारा आपला गडी जिल्ह्याच्या निवड चाचणीत दोन चेंडूंत परत येतो. घरी सांगतो, “वशिला लागतो, दादा.” कधी वशिला असेलही; पण पुष्कळदा त्या पोराने कातडी चेंडू त्याच दिवशी पहिल्यांदा हातात धरलेला असतो. हा दोष पोराचा नव्हे.

माझ्या हातून झालेली चूक

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायची लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या गायरानात बीडकडची टोळी उतरली होती. त्यातल्या एका कोयत्याचा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राही. चेंडू बाहेर गेला की आणून देई. आणून देई म्हणजे डाव्या हाताने असा फेकी की थेट यष्टीवर. मी म्हटले, “ये रे, टाक की एखादी ओव्हर.” अनवाणी धावत येऊन त्याने टाकलेला चेंडू आमच्या कॅप्टनच्या पायाशी पडून आत वळला. आठवडाभरात पोरांनीच त्याला संघात घेतला. मी त्याला कॅनव्हासचे बूट आणून दिले.

शेजारच्या गावी सामने होते. आमचा डाव आला आणि समोरच्या लोकांनी हरकत घेतली. “हा तोडकऱ्याचा हाय. गावचा न्हाई.” पंच माझ्याकडे बघून म्हणाले, “गुरुजी, तुम्हीच सांगा.” पोरगा चेंडू हातात घेऊन उभा होता. मी म्हटले, “जाऊ द्या. बसव त्याला.” वाद नको, सामना व्हावा, एवढाच विचार केला. सामना झाला. आम्ही जिंकलोही.

रात्री तो माझ्या दारात आला. बूट धुऊन आणले होते. उंबऱ्यावर ठेवले आणि म्हणाला, “गुर्जी, ह्ये तुमच्या गावच्या पोराला द्या.” पुन्हा मैदानावर आला नाही. मार्चात पट्टा पडला, टोळी गेली.

२०२४ च्या फेब्रुवारीत १९ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला चालू होता. २४५ धावांचा पाठलाग करताना भारताचे चार गडी ३२ धावांत गेले होते. तेव्हा बीडचा सचिन धस उभा राहिला आणि त्याने ९६ धावा करून सामना फिरवला. हा मुलगा बीड शहरातला, टोळीतला नव्हे. पण जिल्हा तोच. पारावर टीव्हीपुढे सगळे गाव टाळ्या वाजवत होते, “आपला मराठी गडी” म्हणत होते. मला मात्र उंबऱ्यावरचे ते बूट दिसत होते.

तेव्हापासून आमच्या मैदानावर नियम एकच आहे. ज्याची चूल आज गावच्या शिवारात पेटते, तो गावचा. आपला ऊस जे हात तोडतात, त्यांच्या लेकरांनी आधी साखरशाळेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत बसावे आणि मग मैदानावर यावे. ऊस आपला म्हणायचा आणि तोडणाऱ्याचे पोर परके म्हणायचे, हे सहकाराला शोभत नाही.

लेकींचे काय?

पुष्कळ बाप म्हणतात, “पोरगी खेळून काय करणार?” त्यांना उत्तर द्यायला आता आकडे आहेत. महिला क्रिकेट २००६ साली क्रिकेट मंडळाच्या छत्राखाली आले. २०२२ साली मंडळाने भारतीय संघातील मुलींना मुलांइतकेच सामन्याचे मानधन जाहीर केले. २०२३ पासून महिलांची व्यावसायिक लीग सुरू आहे. पण खरी अडचण पैशाची नाही. मुलीला मैदानापर्यंत जायला सोबत लागते, कपडे बदलायला आडोसा लागतो आणि चुलत्याने नाक मुरडले तर तिच्या बाजूने बोलायला आई लागते. या तिन्ही गोष्टी गावात फुकट मिळतात. आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी मैदान फक्त मुलींचे, असे ठरवून बघा.

मैदान कसे करावे?

आपण खळे केलेली माणसे आहोत. खळे ज्याला जमते, त्याला पीच जमते.

खेळपट्टी २२ यार्ड लांब, म्हणजे ६६ फूट, आणि १० फूट रुंद. ती दक्षिणोत्तर आखावी, म्हणजे मावळतीचे ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जात नाही. साठ मीटर त्रिज्येच्या पुऱ्या वर्तुळाला सुमारे पावणेतीन एकर जागा लागते; सरावाला नुसती पट्टी आणि जाळी पुरते. आपली काळी माती उन्हात भेगाळते, म्हणून गवताची खेळपट्टी रोज राखणाऱ्याशिवाय टिकत नाही. गावाने मुरमाची करावी. वरची माती काढून खाली दगडाची खडी, वर मुरूम, सगळ्यात वर चाळलेला बारीक मुरूम. पाणी मारावे आणि वाफसा आला की रूळ फिरवावा. ओल्यात फिरवला तर चिकटतो, सुकल्यावर फिरवला तर फुपाटा होतो. वाफसा कशाला म्हणतात हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. त्यावर काथ्याची चटई ताणून बसवावी. ढिली राहिली तर पाय अडकून पोरगा पडतो.

कातडी चेंडू आणायचा तर पॅड, हातमोजे, गार्ड आणि हेल्मेट आधी आणावे, चेंडू नंतर. एका घराला हा खर्च जड आहे. वीस घरांनी मिळून एक संच केला तर जड नाही. भागभांडवल गोळा करून ज्यांनी कारखाने उभे केले, त्यांना हे गणित नवे नाही. आपल्या भागातल्या कारखान्यांनी मल्लांना मानधन दिले, तालमी जगवल्या. तालीम राहावीच, तिच्या शेजारी एक खेळपट्टी आली तर काही बिघडत नाही.

दोन सूचना काळजीच्या. मैदानाजवळ विनाकठड्याची विहीर असेल तर आधी कठडा बांधा. आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावतात, त्या रस्त्याच्या कडेला सामने भरवू नका. चेंडूमागे धावणारे पोर रस्ता बघत नाही.

जन्मतारीख खरी लावा

शेवटची गोष्ट कडू आहे. १६ वर्षांखालील संघासाठी क्रिकेट मंडळ मुलांच्या हाडांची चाचणी घेते. वय चोरून खेळणाऱ्यावर दोन वर्षे बंदी, असे मंडळाने २०१८ साली जाहीर केले. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली तारीख पुढे पोराच्या गळ्यात येते. तेव्हा बाळ जन्मले की ग्रामपंचायतीत नोंद त्याच महिन्यात करा. पोर चांगले खेळते म्हणून दोन वर्षे कमी लावून देणारा माणूस भेटला, तर त्याला दारातूनच परत लावा.

पोर भारताच्या संघात जावे म्हणून हे सगळे करायचे का? हजारात एखादाच जाईल. बाकीची नऊशे नव्व्याण्णव परत शेतातच येतील, नोकरीला लागतील, कुणी याच कारखान्यात येतील. पण हरल्यावर समोरच्याशी हात मिळवायला शिकून येतील, पंचाचा निर्णय पटला नाही तरी मान खाली घालून परतायला शिकून येतील. आपल्या गावकीत या दोन गोष्टींची टंचाई किती आहे, हे सर्वसाधारण सभेला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

गावाच्या खेळाच्या जागेवर कुणाचा गोठा, कुणाची गंजी, कुणाची ट्रॉली उभी असेल, तर पुढच्या ग्रामसभेत विषय काढावा. आणि आपलीच ट्रॉली उभी असेल, तर ग्रामसभेची वाट न बघता उद्या सकाळी काढावी.

ते बूट अजून माझ्याकडे आहेत. टोळी या हंगामातही आली आहे. मी रोज संध्याकाळी मैदानावर असतो.