खसखशीची खीर आणि लघवीची तपासणी

दिवाळीनंतर आमच्या भाच्यास अकोल्यास मोटार हांकण्याची नोकरी मिळावयाची होती. मालकानें अगोदर लघवी तपासून आणण्यास सांगितलें. एका खाजगी तपासणीगृहांत पट्टीवर अफूचा अंश दिसला, आणि सुपारीचेंहि व्यसन नसलेला मुलगा अफूबाज ठरला! काय खाल्लें होतें, हें कोणीं विचारलें नाहीं. आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला. पण असा एकतर्फी निकाल तेथेंहि क्वचितच पाहिला.

आदल्या रात्रीं त्यानें खसखशीची खीर दोन वाट्या घेतली होती. खसखस हें अफूच्याच बोंडांतील बीं. बोंडाच्या चिकाचा अंश त्यास लागून राहतो, व त्यांतील मॉर्फिन एकदोन दिवस लघवींत उतरतें. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधानेंहि पट्टी असेंच दाखविते. याच कारणास्तव अमेरिकेंत सरकारी तपासणीची मर्यादा १९९८ सालीं दर मिलिलिटरास ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेण्यांत आली. भाच्याच्या पट्टीवर ३०० चाच आंकडा होता.

पुढें आम्हीं पदरच्या खर्चानें त्याच नमुन्याचें नेमकें प्रमाण यंत्रावर काढविलें. तें अल्पच निघालें. पण तोंवर जागा भरली होती. ट्रॅक्टरावर गडी ठेवतांना अशी तपासणी करविणाऱ्या बागाईतदारांनीं त्याचें खाणें व औषध आधीं विचारून लिहून ठेवावें, आणि दुसऱ्या तपासणीचा कागद येईपर्यंत त्याची जागा राखावी.