वाकणारी काच

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना बिडकीन लागतं. तिथल्या ऑरिक औद्योगिक शहरात विजेच्या दुचाकींचा कारखाना उभारण्याची घोषणा एथर या कंपनीने 2024 मध्ये केली. अशा गाडीच्या बॅटरीत अनेक सेल खेटून बसवलेले असतात. एक सेल बिघडून पेटला, तर त्याच्या धगीने शेजारचेही पेट घेऊ शकतात. म्हणून मध्ये उष्णता रोखणारा पातळ थर हवा. परदेशी बनावटीच्या काही मोटारींत हे काम एअरोजेल करतं, आणि त्याच्यावरचं एक मोलाचं काम आपल्या कोल्हापुरात झालं आहे.

एअरोजेल म्हणजे सिलिकाचा, वाळूतल्याच द्रव्याचा, पोकळ सांगाडा. ओल्या जेलमधला द्रव काढायचा, हवा आत घ्यायची, पण सांगाडा ढासळू द्यायचा नाही. अमेरिकेच्या सॅम्युअल किस्लरला हे साधलं. 1931 मध्ये त्याने ते जाहीर केलं. यातली छिद्रं इतकी बारीक, की हवेचा रेणू दुसऱ्या रेणूला गाठण्याआधीच भिंतीवर आदळतो. त्यामुळे हवेतून उष्णता पुढे सरकायला फारशी वाट उरत नाही.

पण हा पदार्थ बोटाच्या दाबाने चुरतो, शिवाय दमट हवेत ओल धरतो.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या एअर ग्लास प्रयोगशाळेत ए. वेंकटेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी मुळातला कच्चा मालच बदलला. एरवी सिलिकॉनचे चारही हात शेजाऱ्यांना घट्ट धरतात. त्यांनी घेतलेल्या मिथाइलट्रायमिथॉक्सिसिलेनमध्ये तीनच हात जुळतात. चौथ्यावर मिथाइल हा कार्बनी गट असतो आणि तो कुणाशी जोडला जात नाही. जाळं सैल राहतं, पृष्ठभाग पाणी झटकतो. 2006 च्या त्यांच्या शोधनिबंधातलं एअरोजेल हाताने वाकवता येतं, आणि त्यावर पडलेला पाण्याचा थेंब जवळजवळ गोलच राहतो. सेंद्रिय आणि असेंद्रिय यांचा इतका नेमका संकर मला फार सुंदर वाटतो.

अडचणीही आहेत. प्रखर उष्णतेत मिथाइल जळून जातो आणि पाणी झटकण्याचा गुण संपतो. सुकवणंही महाग: सांगाडा न ढासळता द्रव काढायला, जेलमध्ये मिथेनॉल असेल तर, बंद भांड्यात 240 अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि वातावरणाच्या 80 पटींहून अधिक दाब लागतो. साध्या दाबाखाली, स्वस्त सोडियम सिलिकेटपासून एअरोजेल करण्याचे प्रयोगही याच प्रयोगशाळेने केले. ते आता मोठ्या भांड्यांत करून पाहायला हवेत, आणि त्यासाठी बिडकीनइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही: कारखान्याला जमीन इथेच आहे आणि गिऱ्हाईकही शेजारीच उभं राहतंय.